नऊ व्होल्टची श्रीमंती

बोस्टनमध्ये हाताने जोडलेली, पायाने दाबायची एक डबी आज पाच हजार डॉलरच्या आसपास विकली जाते. नग चांगला असेल तर त्याहूनही वर. आपल्या रुपयांत सांगायचे तर सव्वाचार लाखांच्या पुढे. क्लॉन सेंटॉर हे तिचे नाव. इलेक्ट्रिक गिटार आणि ॲम्प्लिफायर यांच्यामध्ये ही डबी ठेवतात, पायाने खटका दाबतात, आणि गिटारचा आवाज थोडा भरदार, थोडा करकरीत होतो. आत बॅटरी नऊ व्होल्टची. पूर्वी ट्रान्झिस्टर रेडिओत आपण घालत असू तीच; चौकोनी, जिभेला लावली की चटका देणारी.

सीमाभागातल्या एका मराठी दिवाळी अंकात या अमेरिकन डबीचे काय काम, असे कुणी विचारील. काम आहे. बेळगावात, मडगावात, सांगली-कोल्हापूरकडे आज गिटार वाजवणारी पोरे गल्लोगल्ली आहेत. गणपतीपुढच्या ऑर्केस्ट्रात आहेत, चर्चच्या गायनवृंदात आहेत, कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये तर आहेतच. आणि या पोरांच्या डोक्यात तीन सूर नीट जुळवता येण्याच्या आधी एक गोष्ट पक्की बसलेली असते, की ‘टोन’ ही विकत घ्यायची वस्तू आहे, आणि ती महाग आहे. माझ्या ओळखीच्या एका मुलाने, ज्याचे वडील बसवर कंडक्टर होते, हप्त्यांवर एकापाठोपाठ एक अशा सहा डब्या घेतल्या. त्याच्याकडे ॲम्प्लिफायर मात्र नव्हता. सहाही डब्या तो हेडफोनवर ऐकत असे.

माझे म्हणणे सरळ आहे. या महाग डब्यांच्या किमतीत नादाचा वाटा थोडा, कारागिराच्या मेहनतीचा त्याहून थोडा, आणि उरलेली सगळी किंमत दुर्मीळपणाची, दंतकथेची आणि ‘माझ्याकडे आहे, तुझ्याकडे नाही’ या जुन्याच मानवी सुखाची आहे. ते सुख कुणी विकत घेऊ नये असे मी म्हणत नाही. पण त्याला संगीत म्हणू नये.

ज्यांनी गिटारला कधी हात लावला नाही त्यांच्यासाठी थोडे आत शिरू. तार हलते, खालच्या चुंबकापाशी तिचा क्षीण विद्युतप्रवाह होतो, ॲम्प्लिफायर तो मोठा करतो. मधली डबी काय करते? ओव्हरड्राइव्ह किंवा फझ प्रकारातली डबी लाटेचे माथे आणि तळ छाटते. गोल लाट चपटी झाली की तिच्यात मूळ सुरावरचे अनेक उपस्वर जागे होतात, आणि कानाला तो आवाज भरलेला, दाटलेला लागतो. आपल्याकडे हे काही अगदी नवलाचे नाही. तंबोऱ्याच्या घोडीवर जवारी काढतात, तारेखाली दोरा सरकवतात, तो खटाटोप उपस्वर जागे करण्याचाच. तार त्या किंचित वाकलेल्या पृष्ठभागाला चाटत राहते आणि एका ‘सा’मधून गंधार ऐकू येऊ लागतो. सी. व्ही. रामन यांनी १९२१ साली या आपल्या तंतुवाद्यांवर शास्त्रीय लेख लिहिला होता. तत्त्व वेगळे, साधन वेगळे. पण शुद्ध सुराला थोडे ‘बिघडवून’ श्रीमंत करण्याची हौस दोन्हीकडे एकच.

आता ही बिघाडाची विद्या जन्मली कुठे ते पाहा. १९५८ साली लिंक रे नावाच्या गिटारवादकाने हवा तो खरखरीत आवाज मिळेना म्हणून ॲम्प्लिफायरच्या स्पीकरला भोके पाडली. १९६४ साली लंडनमध्ये डेव्ह डेव्हिसने आपल्या लहानशा ॲम्प्लिफायरच्या स्पीकरचा कागद ब्लेडने चिरला आणि ‘किंक्स’चे नाव जगभर झाले. खर्च किती? एका ब्लेडचा. त्याआधी नॅशव्हिलमध्ये मार्टी रॉबिन्सच्या एका गाण्याचे ध्वनिमुद्रण चालू असताना मिक्सिंगच्या यंत्रातला एक भाग बिघडला आणि ग्रेडी मार्टिनच्या गिटारचा आवाज भुंग्यासारखा घोंगावू लागला. तो तसाच ठेवला गेला, १९६१ साली गाणे गाजले, आणि ग्लेन स्नॉडी या तंत्रज्ञाने तो बिघाड मुद्दाम घडवून आणणारे सर्किट तयार केले. तेच १९६२ साली गिब्सन कंपनीने ‘माएस्ट्रो फझ-टोन’ म्हणून बाजारात आणले. गंमत अशी, की कंपनी ते विकताना सांगत होती, यातून गिटारला ट्रम्पेटचा, चेलोचा आवाज काढता येईल. म्हणजे विकणाऱ्यालाही आपण काय विकतो आहोत याचा पत्ता नव्हता. दुकानांत ती डबी धूळ खात पडली. १९६५ साली रोलिंग स्टोन्सच्या ‘सॅटिस्फॅक्शन’मध्ये कीथ रिचर्ड्सने ती वाजवली, तेही तिथे पुढे पितळी वाद्ये घालायची या हिशेबाने जागा राखून ठेवावी तशी; आणि मग साठा संपला.

या साऱ्या कथेत पैसा कुठे आहे? कान आहे, अडचण आहे, अपघात आहे, धिटाई आहे. पैसा नंतर आला, आणि आल्यावर त्याने असे दाखवायला सुरुवात केली की जणू सुरुवातीपासून तोच होता.

आता मूळ आरोपीकडे वळतो. आरोपी म्हणजे क्लॉन सेंटॉर बनवणारा माणूस नव्हे, हे आधीच सांगून टाकतो. बिल फिनेगन हा मला तरी सचोटीचा कारागीर वाटतो. १९९४च्या अखेरीपासून २००८च्या सुमारापर्यंत त्याने जवळजवळ एकट्याने, हाताने, सुमारे आठ हजार डब्या जोडल्या. भाव सव्वादोनशे ते साडेतीनशे डॉलरच्या दरम्यान. बोस्टनसारख्या महागड्या शहरात एक माणूस स्वतः भाग निवडतो, जोडतो, तपासतो, गिऱ्हाइकाशी फोनवर बोलतो, तर तेवढे मोल त्याने मागावे यात वावगे काही नाही. उलट एवढ्यात त्याचे भागत नव्हते, म्हणून तर त्याने ते काम थांबवले.

थांबवले, आणि तमाशा सुरू झाला. जी वस्तू मिळत होती तोवर लोक घासाघीस करत होते, ती मिळेनाशी होताच तिच्यात देवत्व आले. सोनेरी रंगाची डबी रुपेरीपेक्षा भारी. जिच्यावर नरतुरंगाचे चित्र छापले आहे ती बिनचित्राच्या डबीपेक्षा भारी. चित्राने आवाज बदलतो असे कुणी उघडपणे म्हणत नाही. पैसे मात्र मोजतात.

त्यात एक काळी राळ आहे. फिनेगनने नक्कल होऊ नये म्हणून आतल्या पट्टीवर काळी राळ ओतून सारे भाग झाकून टाकले होते. बिचाऱ्याचा हेतू धंदा वाचवण्याचा. पण भक्तांना त्या काळ्या लेपात गाभारा दिसू लागला. पुढे काही हौशी लोकांनी राळ खरवडून सर्किट उतरवून काढले. निघाले काय? टीएल ०७२ या जातीच्या साध्या चिपा. नऊ व्होल्टचा दाब वाढवून देणारी आणखी एक चिप. स्वच्छ आवाज आणि छाटलेला आवाज यांचे मिश्रण करणारी एक चतुर रचना. रचना खरोखर चतुर आहे, तिला मी नमस्कार करतो. आणि दोन जुन्या साठ्यातले जर्मेनियम डायोड, ज्यांच्यावर मूळ कारागिराचा फार जीव आहे. टीएल ०७२ आपल्याकडे कुठल्याही इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात दोन कप चहाच्या भावात मिळते. सगळे सुटे भाग, खटका, डबी आणि वर सोल्डरची तार धरूनही बेरीज दोन-तीन हजारांपुढे जायला कष्ट पडतील.

यावर भक्तांचे उत्तर ठरलेले असते: ‘भाग तेच असतील हो, पण ती जादू?’ या जादूचा निकाल खुद्द जादूगारानेच लावला आहे. २०१२ साली फिनेगनने ‘केटीआर’ नावाची नवी डबी काढली. तीच रचना, पण बारीक भागांची, कारखान्यात जोडलेली. किंमत पावणेतीनशे डॉलरच्या आत. त्याचे स्वतःचे म्हणणे, दोन्हींचा आवाज सारखाच. आणि डबीवरच त्याने छापून टाकले की या हास्यास्पद गवगव्याला मी जबाबदार नाही. देवळातला देवच बाहेर येऊन सांगतो आहे की मी दगड आहे, बाबांनो. आणि भक्त म्हणताहेत, पाहा, किती हा विनय! जुन्या डबीचा भाव त्यानंतरही चढतच गेला.

या पंथाची शास्त्रवचनेही तपासण्याजोगी आहेत. या डबीचा सर्वांत मोठा गुण कोणता, तर ती ‘पारदर्शक’ आहे. म्हणजे ती मूळ गिटारच्या आवाजात फारशी ढवळाढवळ करत नाही. चार लाख रुपये द्यायचे आणि काय घ्यायचे, तर जे आहे ते जवळपास तसेच ठेवण्याची हमी! दुसरे एक शास्त्रवचन असे, की डबी बंद असताना तारेतला प्रवाह कुठल्याही घटकाला न शिवता सरळ पलीकडे गेला पाहिजे, नाहीतर ‘टोन मरतो’. या सोवळ्यापायी साध्या, चांगल्या जपानी डब्यांना वर्षानुवर्षे नावे ठेवली गेली. पण क्लॉन सेंटॉर बंद असतानाही प्रवाह तिच्यातल्या बफरमधूनच जातो. सोवळ्यातली मंडळी याबद्दल अवाक्षर काढत नाहीत. गरिबाने केले तर विटाळ, श्रीमंताने केले तर आचार.

चिपेचा किस्सा आणखी मजेदार. आयबानेझ कंपनीची ‘ट्यूब स्क्रीमर’ ही हिरवी डबी १९७०च्या दशकाच्या शेवटी जपानात आली. सुसुमु तामुरा हा तिचा रचनाकार. टेक्ससचा स्टीव्ही रे वॉन ती वाजवत असे, त्यामुळे तिला मान. तिच्यात ४५५८ नावाची चिप आहे, आणि ‘जुन्या छापाची ४५५८’ मिळवण्यासाठी जगभर लोक वणवण करतात, तिच्यासाठी भरमसाट पैसे मोजतात. वाचकहो, ही ४५५८ कोण, ठाऊक आहे? आपल्याकडे लग्नाच्या मांडवात वाजणारा, गावातल्या मेकॅनिकने जुळवलेला जो ॲम्प्लिफायर असतो, त्यातल्या बास-ट्रेबलच्या पट्टीवर बसलेली आठ पायांची चिप हीच. ‘मंगलाष्टकां’ना तिने किती वर्षे साथ केली आहे, याचा विचार करा! तिला कुणी जुन्या छापाची म्हणून हुंगून पाहिल्याचे माझ्या तरी ऐकिवात नाही.

कान खरे बोलतात की डोळे, याची कसोटी व्हायोलिनवाल्यांनी घेऊन टाकली आहे, आणि ती गिटारवाल्यांनी वाचायला हवी. क्लॉडिया फ्रिट्झ आणि जोसेफ कर्टिन यांनी २०१० साली इंडियानापोलिसमध्ये एकवीस व्हायोलिनवादकांना जवळजवळ अंधाऱ्या खोलीत, डोळ्यांवर गडद चष्मे चढवून, सहा व्हायोलिने वाजवायला दिली. तीन नवी, तीन जुनी. जुन्यांत दोन स्ट्रॅडिव्हेरियसची. बहुतेकांना नवे कोणते, जुने कोणते हे खात्रीने सांगता आले नाही, आणि सर्वांत कमी पसंती मिळाली ती एका स्ट्रॅडिव्हेरियसला. २०१४ साली त्यांचा दुसरा अहवाल आला. त्यात दहा नामवंत एकलवादक होते, आणि त्यातही नव्या वाद्यांनी बाजी मारली. तीनशे वर्षांच्या लाकडाची ही गत, तर तीस वर्षांपूर्वीच्या पत्र्याच्या डबीचे काय घेऊन बसलात?

इथे माझ्यावर एक आक्षेप येईल, आणि तो मला मान्य असल्यासारखा आहे, म्हणून त्याला बगल देत नाही. नादाचा ध्यास वाईट का? कुमार गंधर्व, जन्म इथल्या आपल्या सुळेभावीचा, तंबोरे जुळवण्यावर किती वेळ घालवत हे ज्यांनी पाहिले आहे ते सांगतील. सूक्ष्म फरक असतात, ते ऐकू येतात, आणि कलावंताला त्यांची ओढ असते. खरे आहे. जर्मेनियमचा ट्रान्झिस्टर आणि सिलिकॉनचा ट्रान्झिस्टर यांच्या आवाजात फरक आहे, मीही तो ऐकला आहे. पण तंबोरा जुळवायला पैसा लागत नाही, वेळ लागतो. ध्यास खिशातून बाहेर पडतो तेव्हा तो खरेदी होतो, आणि खरेदीला रियाज म्हणण्याची सोय झाली की रियाज सुटतो. जर्मेनियमचेच घ्या. त्याची गळती दर दहा अंशांना साधारण दुप्पट होते, हे पाठ्यपुस्तकातले ज्ञान. लंडनच्या थंडीत रेशमासारखी वाजणारी जुनी ‘फझ फेस’ मे महिन्यात मडगावच्या मांडवात लावली, तर काय होईल? हजारो रुपये मोजून आणलेला तो दुर्मीळ ट्रान्झिस्टर घामाघूम होऊन घशात अडकल्यासारखा बोलेल. हा विचार विकणारा करत नाही आणि घेणाराही करत नाही.

दुसरा आक्षेप: ‘ज्याचा पैसा त्याचा, तुमच्या पोटात का दुखते?’ दुखते, कारण भाव एकट्याचा राहत नाही. वरची दंतकथा खालच्या बाजारात झिरपते. सेंटॉर परवडत नाही म्हणून तिच्यासारखी तीस-चाळीस हजारांची, मग तिच्यासारखी पंधरा हजारांची, अशी उतरंड लागते, आणि प्रत्येक पायरीवरच्या मुलाला वाटत राहते की आपल्याला अजून ‘खरे’ मिळालेले नाही. वस्तुतः २०१३ साली इलेक्ट्रो-हार्मोनिक्सने ‘सोल फूड’ नावाची याच घराण्यातली डबी शंभर डॉलरच्या आत आणून प्रश्न मिटवला होता. २०२४ साली बेहरिंगर कंपनीने सत्तर डॉलरच्या आसपास तशीच एक काढली. मात्र तिला सेंटॉरचेच नाव आणि रूप दिले, फिनेगन कोर्टात गेला, नंतर तिचे नाव बदलले. सर्किटाची रचना कुणालाही वापरता येते. दुसऱ्याचे नाव आणि चेहरा चोरणे ही वेगळी गोष्ट. तिथे मी फिनेगनच्या बाजूचा. स्वस्ताईच्या नावाखाली कुणाच्या हयातीची पुण्याई उचलू नये.

आणि मेहनतीच्या मोलाबद्दल ज्यांना खरोखर कळवळा आहे त्यांनी बोस्टनपर्यंत जाण्याचे कारण नाही, मिरजेपर्यंत जावे. तिथे शिकलगारांच्या घराण्यांनी शस्त्रांचा धंदा बसल्यावर एकोणिसाव्या शतकात सतार-तंबोरे बनवायला घेतले. भोपळा पंढरपूरकडून येतो, तो महिनोन्महिने वाळवावा लागतो, मग कापणे, तबली बसवणे, नक्षी, पॉलिश, आणि शेवटी कानाला लावून कानशीने जवारी काढणे. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. चांगला तंबोरा लाखाच्या बराच आत येतो. आणि तो घ्यायला गेलेला आपला मराठी रसिक दुकानात बसून ‘दोन हजार कमी करा की’ म्हणून तासभर हुज्जत घालतो. परदेशी डबीच्या किमतीपुढे ज्याच्या तोंडून शब्द फुटत नाही, तो मिरजेच्या कारागिरापुढे मोठा व्यवहारी होतो. त्या कारागिरांची पुढची पिढी या कामात यायला नाखूश आहे. ती का यावी, हे मला कुणी सांगावे.

गोव्याचे एक उदाहरण देतो. रेमो फर्नांडिसने १९८४ साली ‘गोवन क्रेझी’ हा संग्रह शिवोलीतल्या घरी, चार ट्रॅकच्या कॅसेट यंत्रावर, वाद्ये स्वतः वाजवून ध्वनिमुद्रित केला, आणि कॅसेट स्वतः स्कूटरवरून दुकानांत पोचवल्या. चार ट्रॅक म्हणजे आज पोरांच्या खिशातल्या फोनमध्ये त्याच्या कितीतरी पट सोय असते. ती गाणी गोव्यात लोकांना पाठ झाली. त्यांतली डबी कोणती होती, असे विचारणारा श्रोता मला अजून भेटायचा आहे.

तेव्हा आमच्याकडच्या गिटार-शिक्षकांना माझी एक मागणी आहे. नव्या विद्यार्थ्याच्या हाती डब्यांची यादी ठेवणे बंद करा. दुकानदार यादी देतात तो त्यांचा धंदा झाला. गुरूने देऊ नये. घ्यायचेच असेल तर आधी बरा ॲम्प्लिफायर घ्यायला सांगा, जुना चालेल. तारा वेळच्या वेळी बदलायला सांगा. गिटारची घोडी आणि तारांची उंची नीट करून द्या. यातले शेवटचे काम करणारा माणूस आमच्या भागात शोधून सापडत नाही, आणि ती खरी वानवा आहे. पॉलिटेक्निक आणि आयटीआयमधल्या मास्तरांनाही सांगणे आहे. ‘फझ फेस’ ही १९६६ची, जिमी हेन्ड्रिक्सच्या पायाखालची डबी. तिच्यात दोन ट्रान्झिस्टर, तीन कपॅसिटर, चार रेझिस्टर आणि दोन फिरवायची बटने, एवढेच आहे. अकरा भाग! प्रॅक्टिकलच्या वहीत जो दोन ट्रान्झिस्टरांचा ॲम्प्लिफायर पोरे कंटाळून उतरवून काढतात, त्याचा हा चुलतभाऊ. तो जोडायला दिला तर एका दुपारी वर्गात आवाज निघेल आणि लाट का छाटली जाते हे ऑसिलोस्कोपवर डोळ्यांना दिसेल. सिलिकॉनचे ट्रान्झिस्टर वापरा, आपल्या उन्हाळ्यात तेच टिकतात. डबा मात्र पत्र्याचा घ्या आणि त्याला अर्थिंग जोडा. प्लॅस्टिकच्या डब्यात घातलेत तर ट्यूबलाइटची सगळी गुरगुर आत शिरेल.